नाव टाकलेली पाच भांडी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर उठून गल्ल्याकडे जायचो. नारायणगावच्या पेठेत माझ्याशिवाय बाकी सगळ्यांनी ती सांगितली आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी मी एक हुशार व्यापारी आहे. आता मी थकलो. दुकान मुलाच्या हातात गेलं. गेल्या उन्हाळ्यात व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी जे बोललो, त्यावरून माझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही असं पेठेने ठरवून टाकलं आहे. ठरवू दे. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला कुणाची भीड बाळगावी लागत नाही, ही मोठी सोय आहे. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो. ज्याला राग येईल त्याने घरी येऊन सांगावं. दुपारी मी घरीच असतो.

माझं दुकान भांड्यांचं. जीपवाले ‘ओझर, ओझर’ म्हणून ओरडत असतात, तिथून पेठेत थोडं आत. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या भागात मुलीच्या लग्नात आता फ्रिज देतात, कपाट देतात, वॉशिंग मशीन देतात; पण पाच भांडी सुटलेली नाहीत. हंडा, कळशी, परात, पातेलं आणि तांब्या. आणि त्यांच्यावर मुलीचं नाव टाकून द्यायचं. पाच घरची भांडी एका पंगतीत मिसळली तरी आपलं कोणतं ते ओळखू यावं म्हणून. नाव टाकायचं मशीन प्रत्येक भांड्याच्या दुकानात असतं. पेनासारखं हातात धरायचं, गांधीलमाशीसारखं गुणगुणतं. आमचा शिरस्ता असा, की नाव टाकायचं ते गिऱ्हाईक भांडं घरी नेतं त्या दिवशी. कारण एकदा नाव पडलं की ते भांडं दुसऱ्याला विकता येत नाही.

ज्या बाईची ही गोष्ट, ती मेंढपाळाची. पावसाळा सरत आला की त्यांची मेंढरं येडगावच्या बाजूला शेतांत बसायची. लेंडीखतासाठी शेतकरी त्यांना बोलावून बसवून घेतात. बाजारच्या दिवशी नवरा-बायको बोकड नाहीतर मेंढा विकायला यायची. विकून झालं की नवरा चहाच्या टपरीवर बसायचा आणि ती पेठेत यायची. मेंढरांचा पैसा तिच्या हातात असायचा. नवरा तंबाखूपुरते मागून घ्यायचा, तेही हसून.

तिने ती पाच भांडी एकदम घेतली नाहीत. एका बाजारी हंडा पसंत केला, पुढच्या बाजारी कळशी. प्रत्येक भांडं ती बोटाच्या पेराने वाजवायची, कान लावायची, बुड हातावर तोलायची.

“शेट, ह्ये पितळ हाय का पत्रा?”

“पितळच आहे बाई.”

“मंग वाजतंय का असं? आमच्या कुत्र्याच्या ताटलीवानी!”

मी माळ्यावरून वडिलांच्या वेळचा जाड माल काढला. तो मी सहसा कुणाला दाखवत नसे, कारण तसा माल आता येत नाही. तिने तो हंडा वाजवला, कान लावला. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ह्यो.”

दिवाळीच्या तोंडावर पाचही भांडी पुरी झाली आणि पैसेही पुरे झाले. माझं तिच्याकडे काहीएक राहिलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे पेठेत कुणीतरी ‘थोडे बाकी होते’ अशी पुडी सोडली आणि मी ती खोडली नाही. बाकी काही नव्हतं.

“आमी आता खाली जानार,” ती म्हणाली. खाली म्हणजे माळशेज घाट उतरून कोकणात. “पालात पैसा ऱ्हात न्हाई, म्हून भांडी केली. पर भांडी घोड्यावर वाहिली तर चेपत्यात. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मिरगाच्या आधी वर आलो की नेतो. तवाच पोरीचं लगीन हाय.”

मी मान हलवली.

“आता नाव टाका.”

“नेताना टाकतो की.”

“न्हाई, आत्ताच. मला वाचता येत न्हाई, पर नाव हाय का न्हाई एवढं दिसतंय. नाव टाकलेलं भांडं तुमी दुसऱ्याला कसं इकाल?” आणि हसली. मीसुद्धा हसलो.

तिने स्टूल ओढलं आणि पाचही भांड्यांवर नाव पडेपर्यंत समोर बसून राहिली. झाल्यावर प्रत्येकावरून बोट फिरवलं. मग कमरेची पिशवी सोडून मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला. “ह्यातनं तुमच्या फोनला वाजवा, म्हंजी आमचा नंबर तुमच्यात जाईल. फोन माझ्याच कमरेला असतो. ह्यांना मेंढरांच्या गलक्यात ऐकू येत न्हाई. काय लागलं तर वाजवा.”

मी तिच्या फोनवरून माझ्या फोनला रिंग दिली आणि तिचा नंबर ठेवून घेतला.

ती बसली होती तिथून बरोबर समोर, माझ्या डोक्यावर, लाल अक्षरांची पाटी होती. एक महिन्याच्या आत माल न नेल्यास दुकानदार जबाबदार राहणार नाही. त्यानंतर मालाची विल्हेवाट लावण्याचा अधिकार दुकानदारास राहील. शब्द माझेच. कल्हईला दिलेली भांडी लोक वर्षानुवर्षं नेत नाहीत, म्हणून वैतागून रंगवून घेतली होती. ती बाई तासभर त्या पाटीकडे तोंड करून बसली होती. मी तिला ती वाचून दाखवली नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला पाटी आठवलीच नाही. ती आठवली लग्नसराईत.

लग्नसराईत घोड नदीच्या काठचे एक बागायतदार आले. आंबेगाव तालुक्यातलं मोठं घर, आमचं जुनं गिऱ्हाईक. गाडी दुकानाच्या पायरीला लावायचे, मागे वाहनं तुंबली तरी. त्यांच्या मुलीचं लग्न परवावर आलेलं. पुण्याहून मागवलेली भांडी पातळ निघाली म्हणून संतापलेले. मी आहे नाही तो माल दाखवला. त्यांची नजर माळ्यावर गेली. फडक्याखाली हंड्याचा काठ दिसत होता.

“ती काढ.”

“ती गेलेली आहेत मालक. पैसे आलेत त्यांचे.”

“गेलेला माल तुझ्या माळ्यावर कसा रं?”

“मेंढपाळाचा आहे. ते खाली गेलेत कोकणात.”

“मग आला की त्याला दुसरी दे. मेंढरामागं हिंडणाराला हंडा काय आन् पत्र्याचा डबा काय!” त्यांचा ड्रायव्हर हसला. मग त्यांनी हात वर करून पाटी दाखवली. “आन् ही पाटी तुझीच ना? झाला का महिना?”

“झाला.”

“मग भितो कशाला, राव?”

पेठेत सांगतात, की मला त्यांना नाही म्हणता आलं नाही. तसं नाही. म्हणता आलं असतं. मला म्हणायचं नव्हतं. त्या घरचं लग्न, तिथे माझी भांडी मांडली जाणार, चार तालुक्यांची माणसं बघणार, हे माझ्या डोक्यात चढलं होतं. फोन माझ्या खिशात होता आणि त्यात तिचा नंबर होता. मी तो लावला नाही. विसरलो म्हणून नाही. लावला असता तर ती ‘नका इकू’ म्हणाली असती आणि मग मला विकता आलं नसतं. म्हणून लावला नाही. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली.

नाव मीच पुसलं. दुकानातली माणसं दुपारच्या जेवणाला गेली होती. मागच्या अंगणात पॉलिशचं चाक आहे, त्यावर एकेक भांडं धरलं. स्टीलवरचं नाव चटकन जातं; जाड पितळेवरचं खोल असतं. चाकाखाली पितळ तापलं, हाताला चटके बसले. नाव गेलं, पण जागा किंचित खोलगट राहिली. डोळ्याला दिसत नव्हती, बोटाला कळत होती. मी त्याच जागेवर बागायतदारांच्या मुलीचं नाव टाकलं, म्हणजे तो खळगा झाकला गेला.

मृगाच्या आधी ती आली. बाजारचाच दिवस होता. भाड्याची पिकअप घेऊन आली होती, सोबत नवरा आणि जाऊ. लग्न चार दिवसांवर. पायरीवर बसून तिने पाणी मागितलं, तांब्याभर प्यायली, पदराने तोंड पुसलं.

“काढा शेट आमचा संसार. गाडीवाला घाई करतोय.”

मी पाटीकडे बोट केलं. खरंच सांगतो, तोंडातून दुसरं काही निघालं नाही. ती पाटीकडे बघू लागली, मग माझ्याकडे.

“काय हाय तिथं?”

“एक महिन्यात माल न्यायचा असतो. तो गेला.”

“मस्करी करताय व्हय शेट?” ती जावेकडे बघून हसली. “आगं, शेट मस्करी करत्यात.” जाऊ हसली नाही.

“गेला बाई. विकला. तुमची वाट किती बघायची?”

“आमी सांगून गेलो व्हतो की! मिरगाच्या आधी. तुमी मान हलवली.”

दुकानात गर्दी होती. बाजारचा दिवस. शेजारचा कापडवाला, समोरचा किराणावाला, दोघेही दारात येऊन उभे राहिले. मी आवाज चढवला. मी तिला स्टीलचा संच काढून दिला. तिने पातेल्यावर पेर मारलं.

“ह्याला टाचणीनं भोक पडंल. माझी भांडी कुठं हायेत? त्यांच्यावर माझ्या लेकीचं नाव व्हतं. ते कुनी पुसलं?”

मी गल्ला उघडला.

“कुनी पुसलं म्हनते मी!”

“पैसे घेऊन जा तुमचे.”

“पैसं कुनी मागितलं? पैसं मी दिल्यात. भांडी माझी हायेत.”

तेव्हा मी ते बोललो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. “मी फोन लावला होता बाई. एकदा नाही, दहादा लावला. लागला नाही तर मी काय करू?”

ती एकदम थांबली. तिचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. “फोन माझ्याजवळच व्हता. लई जणांचा वाजला. ह्यांच्या भावाचा वाजला, यापाऱ्याचा वाजला…”

“अहो, कोकणात रेंज कुठं असते?” कापडवाला म्हणाला. “दरीत बसायचं आन् दुकानदाराला बोलायचं!” लोक हसले.

नवरा तोपर्यंत पायरीखाली उभा होता. त्याने तिच्याकडे वळून हळूच विचारलं, “वाजला व्हता का गं? तू उचलला न्हाईस?”

“न्हाई वो वाजला.”

“मग चल.”

ती गेली. पैसे नेले नाहीत, स्टील नेलं नाही. पायरी उतरताना ‘कोर्टात जाईन’ म्हणाली. रिकामी पिकअप वळवताना गाडीवाल्याने मला नमस्कार केला. तोही माझं गिऱ्हाईक.

संध्याकाळपर्यंत पेठेत विनोद तयार झाला. एकच हंडा दोनदा विकणारा शेट! मला तो विनोद आवडला, हेही लिहून ठेवतो.

मात्र जाताना ती ‘कोर्टात जाईन’ म्हणाली होती, ते मनात राहिलं होतं. म्हणून मी जुन्नरला ओळखीच्या वकिलांकडे गेलो. माझी बाजू भक्कम आहे एवढं ऐकायला गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पैसे पुरे मिळाले होते?”

“हो.”

“मग तो माल तुमचा राहिलाच नव्हता. पैसे थकवले असते तर गोष्ट वेगळी. न फेडणाऱ्याचा माल अडवून धरता येतो, कळवून विकताही येतो. पैसे देऊन ठेवलेला माल म्हणजे तुमच्याकडची ठेव. तुम्ही राखणदार. न्यायला सांगूनही कुणी नेत नसेल तर सांभाळल्याचा वाजवी खर्च मागा. फारच अडचण झाली तर रीतसर कळवा, मुदत द्या. एवढं करून विकावाच लागला तरी आलेले पैसे तिचे.”

“पण पाटी आहे ना.”

“तिला वाचता येतं?”

“नाही.”

“तुम्ही वाचून दाखवलीत?”

“नाही.”

“ती कधी नेणार ते तिने सांगितलं होतं?”

“मृगाच्या आधी.”

“आणि तुम्ही?”

“मान हलवली.”

“मग मुदत तीच. पाटी राहू द्या भिंतीवर, भिंत बरी दिसते.” मग माझा चेहरा बघून त्यांनी चष्मा काढला. “घाबरू नका हो. ती काही कोर्टात येत नाही. ही माणसं येत नाहीत. आज इथं, उद्या घाटाखाली. तारखा कोण करणार? निवांत राहा.”

आणि मी निवांत झालो. येताना एसटीत खिडकीशी बसून चक्क झोपलो. ती बरोबर होती हे मला कळलं होतं, आणि ती आपल्याला काही करू शकत नाही हेही कळलं होतं. त्यातलं दुसरं ऐकून मला गाढ झोप लागली. आजवर माझ्या हातून जे काही बरंवाईट झालं असेल, त्यात ही झोप मला सगळ्यात लाजिरवाणी वाटते.

पुढच्या काही वर्षांत माझी पाटी पेठेत पसरली. शिंप्याने लावली, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याने लावली, मोबाईलवाल्याने काचेवर चिकटवली, फर्निचरवाल्याने तर महिन्याचे पंधरा दिवस केले. कुणी हुज्जत घातली की माझं उदाहरण देत. ‘त्या बाईचं काय झालं? काही नाही झालं.’ पैसे भरून ठेवलेला ड्रेस, कपाट, पंप, लोकांचं काय काय त्या पाटीखाली गेलं मला माहीत नाही. माणसं घरच्या मयतीमुळे येऊ शकत नाहीत, दवाखान्यात असतात, ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांना महिना लागू होत नाही. त्यांचा महिना वेगळा असतो, आणि तो त्यांनी आधी सांगितलेला असतो.

मग गेल्या उन्हाळ्यातली ती बैठक. सगळ्या दुकानांत एकसारखी छापील पाटी लावायची असं व्यापारी मंडळाने ठरवलं होतं. नमुना तयार होता, शब्द माझेच, फक्त अक्षरं निळी. अध्यक्ष तरुण आहे, माझ्या मुलाच्या बरोबरीचा. तो म्हणाला, “ही वाट काकांनी दाखवली. काकांच्याच हस्ते पहिली पाटी लावू.” टाळ्या झाल्या. मला उठवून उभं करण्यात आलं.

मी म्हणालो, “लावणार नाही. ह्या पाटीला काडीची किंमत नाही.”

कुणाला वाटलं मी गंमत करतोय.

“पैसे घेतलेला माल आपला नसतो,” मी म्हणालो. “तो गिऱ्हाइकाचा असतो, आपल्या दुकानात ठेवलेला असला तरी. तो विकला तर ती चोरी. भिंतीवर लिहून केली तरी चोरीच.”

“काका, तुम्ही वकिलीची सनद कधी घेतली?” फर्निचरवाला मागून ओरडला.

“सनद लागत नाही. दुसऱ्याची वस्तू ती दुसऱ्याची, हे तुझ्या पोराला पण कळतं. त्याची सायकल कुणी नेली तर बघ.”

“आणि जागेचं भाडं? माझी आठ कपाटं अडकून पडलीत!”

“माग ना भाडं. वाजवी माग. तिथं तुझा हक्क आहे, तिथं मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. विकायचा हक्क नाही. आधी कळव. घरी माणूस पाठव. फोन कर…”

तेव्हा कापडवाला, तोच, आता माझ्यासारखाच म्हातारा झालेला, प्रेमाने म्हणाला, “अरे, तुम्ही केला होता ना फोन! दहादा केला. लागला नाही त्याला तुम्ही काय करणार? उगाच मनाला लावून घेता.”

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. एवढं सगळं बोललेला मी, ‘नव्हता केला’ हे दोन शब्द बोलू शकलो नाही. मी खाली बसलो. त्यांनी मला पाणी दिलं. उन्हाचा त्रास, असं ठरलं.

घरी मुलगा म्हणाला, “बाबा, दुकान आता मला चालवायचंय. सगळी पेठ एकीकडं आणि आपण एकीकडं?”

“हो. आपण एकीकडं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन स्टुलावर चढलो आणि स्क्रू काढून पाटी उतरवली. सून खालून स्टूल धरून होती. मुलगा आत हिशेब करत बसला, बाहेर आला नाही. पण त्याने ती पुन्हा लावलीही नाही. मंडळाची निळी पाटी आमच्या दुकानात नाही. पेठेत आमचं एकच दुकान तसं आहे आणि तसंच राहणार. मी आहे तोवर तरी.

एवढं केल्यावर मला वाटलं, उरलेलंही जमेल. तिचा ठावठिकाणा काढला. मेंढरं कमी केलीत, बेल्ह्याच्या पुढे माळावर दोन खोल्या बांधल्यात, घाटाखाली आता दीर जातो आणि ही दोघं घरीच असतात, असं कळलं. मी जाड पितळेचे पाच नग पुण्याहून शोधून आणवले. तिच्या मुलीचं नाव मला पाठ होतं. मशीन धरून ते पाचही भांड्यांवर टाकलं आणि जीप करून गेलो.

ती दारात शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झालेले. मला बघून शेंगा खाली ठेवल्या.

“शेट? वाट चुकला का आमच्याकडं?”

ड्रायव्हरने भांडी उतरवून अंगणात मांडली. नवरा खाटेवर उठून बसला. जाऊ आतून आली. शेजारच्या घरातली दोन-तीन माणसंही येऊन उभी राहिली. भांडी उन्हात नुसती झळकत होती. ती उठली, हंड्यापाशी गेली, पेर मारलं आणि कान लावला.

“जाड हाय,” म्हणाली. “मिळालं म्हणायचं अजून.” मग नावावरून बोट फिरवलं. “लेकीला आता पोरं झाली शेट. तिच्या सासूनं भांड्यांवरनं चार वरसं बोलून घेतलं, मग तीबी दमली. आता कुनाला देऊ ही?”

“तुमची आहेत. ठेवा.”

“न्या माघारी. पुसायला तुमास्नी सोपं पडंल, हात बसलाय.”

जाऊ तोंडाला पदर लावून हसली. मी मान खाली घातली. हे ऐकून घ्यायची माझी तयारी होती. पुढच्याची नव्हती.

तिने हात पुसले आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली. “भांडी जाऊ द्या. मला येकच सांगा. तुमी तवा फोन लावला व्हता का?”

“आता कशाला जुनं काढतीस?” खाटेवरून नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, पाहुण्यापुढे घरची गोष्ट उघडी पडल्यासारखा ओशाळून म्हणाला, “चूक आमचीच शेट. फोन हिच्या ताब्यात व्हता. ध्यान दिलं न्हाई. लोकांनी लई दुकानदारांकडं ठिवलं, कुनाचं असं झालं न्हाई. तवापासनं मी मेंढरांचा पैसा हिच्या हातात दिला न्हाई. आता पोरगं बघतं.”

ती त्याच्याकडे वळली नाही. माझ्याकडेच बघत होती. तिला भांडी नको होती, पैसा नको होता. तिला एक ‘नाही’ हवं होतं, आणि ते तिच्या नवऱ्याला, जावेला, त्या शेजाऱ्यांना ऐकू जायला हवं होतं. एवढी वर्षं ती त्या घरात ‘फोन न उचलणारी’ म्हणून राहिली होती. ते माझ्या एका शब्दाने मिटणार होतं, आणि तो शब्द पृथ्वीवर दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

माझ्या शेजारी पाच नवी भांडी होती. त्यांच्याजवळ उभा असताना मी भला माणूस दिसत होतो. एवढ्या लांब आलेला, आठवण ठेवणारा. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

“लावला होता,” मी म्हणालो. “रेंज नव्हती.”

तिने मान हलवली. “बरं,” म्हणाली, आणि जावेला चहा टाकायला सांगितला. मी तो चहा प्यायलो. भांडी पुन्हा जीपमध्ये चढली.

पेठेने माझ्यावर रागवावं, मंडळाने मला काढून टाकावं, मुलाने अबोला धरावा. मला त्याचं काही वाटत नाही. पाटीबद्दल मी जे बोललो ते उद्या पुन्हा बोलेन, कुणाच्याही समोर. पण त्या अंगणात, नवरा, जाऊ आणि शेजारी ऐकत असताना, मोठ्या आवाजात जे बोलायचं होतं ते मी बोललो नाही. ते असं होतं: भाऊ, हिची काही चूक नाही. फोन वाजला नाही, कारण मी तो लावलाच नव्हता. बाई, भांडी तुमची होती, मी ती चोरली, आणि वर तुमच्यावर आळ घातला. मला माफ करा.